माशाची लांबी कुठून कुठपर्यंत?

माशाची लांबी तीन प्रकारे मोजतात आणि तिन्ही उत्तरं बरोबर असतात. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या सगळ्यात मागच्या टोकापर्यंत मोजली तर ती एकूण लांबी. शेपटीच्या वरच्या आणि खालच्या पाकळीमधल्या खाचेपाशी थांबलं तर ती खाचेपर्यंतची लांबी. आणि शेपटीचा पर सोडून देऊन, कण्याचं शेवटचं हाड जिथे संपतं तिथवरच मोजलं तर ती प्रमाण लांबी. मरळीसारख्या गोल शेपटीच्या माशाला खाचच नसते, त्यामुळे तिथे पहिल्या दोन लांब्या एकच होतात. रोहू, कटला, महशीर यांच्या बाबतीत मात्र तिन्ही आकडे वेगळे येतात आणि फरक किरकोळ नसतो. ३२ सेंटिमीटर प्रमाण लांबीचा रोहू एकूण लांबीत ४० सेंटिमीटरच्या आसपास भरू शकतो.

या दोन आकड्यांची गल्लत झाली तर काय होतं बघा. माशाचं वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. अंगाची ठेवण तीच राहून लांबी दुप्पट झाली, तर वजन आठपट होतं. म्हणजे एकाने वहीत ४० लिहिलं आणि दुसऱ्याने ती प्रमाण लांबी समजून वजनाचं सूत्र लावलं, तर उत्तर खऱ्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट येईल. मासा तोच, पट्टी चोख, वाचणाऱ्याची नजरही तीक्ष्ण; राहिलं ते फक्त कुठपर्यंत मोजलं हे लिहायचं. जलाशयात मासळी किती आहे, जाळ्याचा आस किती ठेवायचा, पावसाळ्यात बोटुकली किती सोडायची, हे सगळे हिशेब असल्या आकड्यांवर उभे असतात. म्हणून हा विषय फक्त प्रयोगशाळेतल्यांचा आहे असं मला वाटत नाही. तळ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे.

माशांचं वर्गीकरण करणारे लोक प्रमाण लांबीला चिकटून राहतात, त्याला कारण आहे. शेपटी हा माशाचा सगळ्यात नाजूक भाग. ती झिजते, दुसरा मासा तिचा लचका तोडतो, बाटलीत ठेवलेल्या नमुन्याची शेपटी दहा-वीस वर्षांत तुटून जाते. कण्याचं टोक मात्र जागचं हलत नाही. ते बाहेरून दिसत नाही, पण सापडतं. शेपटी बोटाने हलकेच एका बाजूला वाकवली की तिच्या देठावर त्वचेला एक उभी घडी पडते. ती घडी म्हणजे प्रमाण लांबीचा शेवट.

मोजायचे बाकीचे नियमही असेच साधे आणि कडक आहेत. मासा उजव्या कुशीवर ठेवायचा आणि मापं डाव्या बाजूची घ्यायची, म्हणजे जगातल्या सगळ्या नोंदी एकमेकींशी जुळतात. तोंड मिटलेलं हवं. अंतर दोन बिंदूंमधलं सरळ घ्यायचं. मापाची फीत पोटाच्या फुगवट्यावरून नेली तर आकडा उगाच वाढतो. बोटभर माशासाठी कॅलिपर लागतो आणि वाचन मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत घेतात. मोठ्या माशासाठी फळी असते, तिच्या एका टोकाला उभी पाटी आणि तळाला पट्टी. आणखी एक गोष्ट नेहमी लिहून ठेवावी लागते ती म्हणजे मासा ताजा होता की टिकवलेला. फॉर्मॅलिन आणि मद्यार्कात ठेवलेला मासा थोडा आक्रसतो. नदीकाठी घेतलेलं माप आणि संग्रहालयातल्या बाटलीतलं माप शेजारी मांडताना हे विसरलं, तर दोन जातींमध्ये नसलेला फरक दिसू लागतो.

अर्थात नुसत्या लांबीवरून माशाची जात कळत नाही. त्यासाठी प्रमाणं काढतात. डोक्याची लांबी, अंगाची सगळ्यात मोठी उंची, पाठीचा पर जिथून सुरू होतो तिथवरचं अंतर, शेपटीच्या देठाची उंची ही मापं प्रमाण लांबीच्या किती टक्के आहेत ते पाहतात. डोळ्याचा व्यास, दोन डोळ्यांमधलं अंतर, मुस्कटाची लांबी ही डोक्याच्या लांबीच्या टक्क्यांत. आपल्या महशिरांचंच उदाहरण घेऊ. हिमालयातल्या सोनेरी महशिराचं, म्हणजे टॉर पुटिटोराचं डोकं त्याच्या अंगाच्या उंचीपेक्षा लांब असतं. नर्मदेतल्या टॉर टॉरचं डोकं अंगाच्या उंचीपेक्षा आखूड. आणि सह्याद्रीतून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांमधल्या टॉर खुद्रीत ही दोन्ही मापं जवळपास सारखी. नियम ढोबळ आहे, पण हातात फक्त एक पट्टी असताना एवढं कळणं थोडं नाही.

या प्रमाणांत एक खोच आहे. मासा वाढताना सगळे अवयव एकाच वेगाने वाढत नाहीत. पिल्लाचा डोळा डोक्याच्या मानाने टपोरा असतो. मासा मोठा होतो तसा डोळा वाढतो खरा, पण डोक्याच्या मागे पडतो. अंड्यांनी भरलेल्या मादीच्या अंगाची उंची विणीनंतर कमी होते. म्हणून ५ सेंटिमीटरचा एक मासा आणि ५० सेंटिमीटरचा दुसरा मासा यांची टक्केवारी समोरासमोर ठेवून ‘या दोन जाती आहेत’ असं म्हणणं धोक्याचं. तुलना करायची ती एकाच आकाराच्या माशांची, नाहीतर लहानापासून मोठ्यापर्यंतची सगळी मालिका हाताशी घेऊन.

खवल्यांचं महत्त्व इथे कळतं. माप वयाबरोबर बदलतं, मोजणी बदलत नाही. कार्प कुळातल्या माशांचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याच्या अंगावर खवले नसतात. काही आठवड्यांनी बहुधा शेपटीच्या देठाच्या बाजूने ते उगवू लागतात, पुढे पसरतात आणि एकदा अंग झाकलं गेलं की त्यांची संख्या ठरून जाते. पुढे मासा वाढतो तसा प्रत्येक खवला वाढतो. नवा खवला मध्येच येत नाही. बोटाएवढ्या टॉर खुद्रीच्या कुशीवर एका ओळीत सुमारे २५ खवले असतात आणि मीटरभर वाढलेल्या खुद्रीच्या कुशीवरही तेवढेच. फक्त आधी नखाहून लहान असलेला खवला आता तळहातभर झालेला असतो.

मोजणीची ही परंपरा जुनी आहे. स्वीडनचा पीटर आर्टेडी (१७०५–१७३५) परांतल्या काड्या मोजून मासे ओळखत असे. ॲमस्टरडॅमच्या कालव्यात बुडून तो ऐन तिशीत गेला. त्याचा मित्र कार्ल लिनियस याने त्याची हस्तलिखितं १७३८ मध्ये छापून आणली आणि पुढे स्वतःच्या वर्गीकरणातही परांच्या काड्यांचे आकडे वापरले. फ्रान्सिस डे याच्या ‘द फिशेस ऑफ इंडिया’ (१८७५–१८७८) या ग्रंथात तर प्रत्येक माशाच्या वर्णनाच्या आरंभीच आकड्यांची एक ओळ आहे: कोणत्या परात किती काड्या, कुशीवरच्या ओळीत किती खवले, वरून खाली किती. दीडशे वर्षं होत आली, तरी मासा ओळखताना ती ओळ आजही उघडून पाहतात.

खवले मोजायला बसलं की पहिल्यांदा सगळंच एकसारखं दिसतं. ओढ्यातल्या एखाद्या ठिपकेदार बार्ब माशाचं उदाहरण घेऊ, लांबी जेमतेम ४ सेंटिमीटर. मासा ओल्या पांढऱ्या ताटलीत डावी कूस वर करून ठेवायचा आणि भिंगाखाली बारीक सुई हाती धरायची. खवले कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, पुढच्याची मागची कड मागच्यावर आलेली. अंगावर पाण्याचा थर असला की कडा चकाकीत हरवतात. म्हणून हलकी फुंकर मारून पृष्ठभाग थोडा सुकू द्यायचा. मग प्रत्येक कड वेगळी उमटते. कल्ल्याच्या झाकणामागे पहिला खवला असतो, त्याच्यावर एक बारीक छिद्र दिसतं. पुढच्यावर आणखी एक. ही छिद्रांची रांग म्हणजे पार्श्वरेखा. खवल्यांतून जाणाऱ्या एका नळीची ती तोंडं असतात आणि नळीत पाण्याची हालचाल टिपणाऱ्या पेशी असतात. गढूळ पाण्यातही शेजारच्या माशाची चाहूल त्यांनाच लागते. सुई एकेका छिद्रावर टेकवत मागे जायचं. शेपटीच्या देठावरची घडी आली की थांबायचं. शेपटीच्या परावर चढलेले एक-दोन खवले असतील तर ते वेगळे लिहितात, या मोजणीत धरत नाहीत. मध्येच एखादा खवला गळलेला असला तरी हरकत नाही. त्वचेत त्याची खोबण राहते, ती मोजायची.

बऱ्याच छोट्या बार्बांमध्ये ही छिद्रं सात-आठ खवल्यांनंतर संपतात. खवल्यांची रांग शेपटीपर्यंत जाते, पण नळी अर्ध्यावर थांबलेली. मग दोन आकडे लिहायचे, रांगेतले एकूण खवले आणि त्यांतले छिद्राचे. नळी पूर्ण की अपुरी, यावरून जाती वेगळ्या पडतात.

आडवी मोजणी झाली की उभी. पाठीच्या पराच्या मुळाशी सुरुवात करून तिरकं खाली यायचं, पार्श्वरेखेच्या खवल्यापर्यंत. तो खवला धरायचा नाही. पाठीच्या मध्यरेषेवर बसलेला खवला दोन्ही कुशींना सामाईक असतो म्हणून तो अर्धा धरतात. त्यामुळे वर्णनात ४½/२४/३½ असं काहीतरी दिसतं, म्हणजे रेखेच्या वर साडेचार, रेखेवर चोवीस, खाली साडेतीन. शिवाय डोक्यापासून पाठीच्या परापर्यंत मधोमध किती आणि शेपटीच्या देठाभोवती पूर्ण वळसा घालून किती, हेही पाहतात. हा शेवटचा वळसा घेताना ओळ नागमोडी जाते आणि सुई हमखास चुकते. दोन माणसांनी एकमेकांचा आकडा न पाहता मोजावं हेच बरं.

दख्खनच्या माशांची अशी पहिली पद्धतशीर नोंद केली ती कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं आणि पुढली काही वर्षं तो या मुलखात हिंडला. लोकसंख्या, पिकं, भूस्तर, पक्षी आणि मासे, सगळंच त्याने टिपलं. १८३९ मध्ये त्याची माशांची वर्णनं प्रसिद्ध झाली. कोळ्यांकडून ऐकलेली नावं त्याने शास्त्रीय नावांत तशीच ठेवली: खुद्री, कोलस, नुक्ता, पोटिल, मुसल्ला. मुळा-मुठेतली खुद्री आज जगभर टॉर खुद्री म्हणून ओळखली जाते. मुस्कटावर शिंगासारखा उंचवटा असलेला विलक्षण नुक्ताही त्याचाच.

पण साइक्सची वर्णनं आजच्या मानाने त्रोटक आहेत आणि ज्या माशांवरून ती लिहिली ते नमुने आज उपलब्ध नाहीत. याचा घोळ मुसल्लाच्या बाबतीत झाला. कावेरी खोऱ्यात पाठीला कुबड असलेला एक प्रचंड महशीर होता. ५० किलोच्या पुढचे मासे तिथे गळाला लागल्याच्या नोंदी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या आहेत. या कुबडवाल्या महशिराला अनेक वर्षं साइक्सचं मुसल्ला हे नाव चिकटवलं गेलं. २०१३ मध्ये साइक्सचं मूळ वर्णन पुन्हा बारकाईने तपासून संशोधकांनी दाखवून दिलं की साइक्सचा मुसल्ला महशीर नव्हताच. तो हायप्सेलोबार्बस या निराळ्या प्रजातीतला मासा. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या महशिरांपैकी एकाला तोपर्यंत स्वतःचं नावच नव्हतं, असा त्याचा अर्थ होत होता.

नाव होतं, पण दुसरीकडे पडून राहिलेलं. केरळातल्या पांबार नदीतून, जी कावेरीचीच उपनदी आहे, २००७ मध्ये टॉर रेमादेवी नावाची जात वर्णन केली गेली होती, आणि ती लहान, वाढत्या वयाच्या माशांवरून. त्या छोट्या माशांची प्रमाणं पाहून कावेरीतला राक्षसी मासा कुणाला आठवणं कठीण होतं. २०१८ मध्ये शरीराची मापं, जुनी छायाचित्रं आणि डीएनए एकत्र मांडून दोन्ही मासे एकच असल्याचं सिद्ध झालं. त्यानंतर तो आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदवला गेला. नाव नसलेली जात यादीत सहसा घालता येत नाही.

या कथेचा एक धागा थेट लोणावळ्याला येतो आणि तो मला अस्वस्थ करतो. टाटा वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवणच्या जलाशयावर टॉर खुद्रीची पैदास सुरू केली. काम मोलाचं होतं. सह्याद्रीतल्या महशिरांची संख्या घटत असताना कृत्रिम प्रजननाचं तंत्र तिथे बसवलं गेलं. पण १९७० च्या दशकापासून तिथली बोटुकली दूरवरच्या नद्यांत पाठवली गेली, कावेरीतही. महशीर म्हणजे महशीर, असाच तेव्हा समज होता. बाहेरून आलेली खुद्री कावेरीत माजली आणि कुबडवाला महशीर मागे हटत गेला. त्याच्या ऱ्हासाला वाळूउपसा, धरणं, सुरुंग लावून होणारी मासेमारी ही इतर कारणंही होती. तरी पाठवणीआधी कावेरीतल्या माशाची आणि खुद्रीची डोकी, उंची, खवले शेजारी ठेवून कुणी पाहिलं असतं, तर निदान प्रश्न तरी पडला असता.

असे प्रश्न आजही पडत आहेत आणि ते अगदी घराजवळचे आहेत. पुणे परिसरातल्या ओढ्यांमधल्या काळ्या ठिपक्यांच्या छोट्या बार्बांना पूर्वी सरसकट एक-दोन नावांत कोंबलं जायचं. २०१२ मध्ये दक्षिण आशियातल्या बार्बांची फेरमांडणी झाली आणि या गटाला पेथिया हे प्रजातिनाम मिळालं. मग एकेका नदीतले मासे नव्याने मोजले जाऊ लागले. २०१४ मध्ये कोल्हापूरकडच्या हिरण्यकेशीतून पेथिया लाँगिकॉडा, २०१६ मध्ये पवना आणि नीरेतून पेथिया संजयमोलुरी या नव्या जाती जाहीर झाल्या. त्यांच्या वर्णनांत डीएनए आहे, मणक्यांची क्ष-किरण चित्रं आहेत, पण जात वेगळी का याचं उत्तर सुरू होतं ते खवल्यांच्या आकड्यांपासूनच. पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीतून वाहणाऱ्या पवनेत विज्ञानाला अज्ञात असलेला मासा २०१६ पर्यंत पोहत होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

बाजारातही खवले उपयोगी पडतात. डोकं छाटून तुकडे केलेला सिल्वर कार्प कटला म्हणून गळ्यात मारला जातो. सिल्वरचे खवले अगदी बारीक, कुशीवरच्या रांगेत शंभराहून जास्त. कटल्याचे मोठे, चाळीसच्या आसपास. कातडीच्या एका तुकड्यावरून फरक कळतो. उजनीच्या पट्ट्यात जिला चिलापी म्हणतात ती तिलापिया, १९५२ मध्ये भारतात आणलेली. तिची पार्श्वरेखा तुटलेली असते: वरची ओळ पाठीच्या पराच्या शेवटाखाली संपते आणि काही खवले सोडून खाली दुसरी ओळ सुरू होते. आपल्या कार्प माशांत असं कुठेच नाही. मात्र रोहू, कटला, मृगळ यांना एकमेकांपासून ओळखायला हे आकडे कुचकामी. तिघांचेही खवले चाळिशीच्या आगेमागे. तिथे ओठ, डोक्याचा आकार आणि पाठीच्या परातल्या काड्या पाहाव्या लागतात.

खवल्यांची संख्या पूर्णपणे अढळ असते असंही नाही. अंड्यातून पिल्लू घडत असताना पाण्याचं तापमान किती होतं, याचा अशा मोजणीवर परिणाम होतो. थंड पाण्यातल्या माशांचे मणके उष्ण पाण्यातल्या नातेवाइकांपेक्षा बहुधा जास्त असतात, हे अमेरिकेच्या डेव्हिड स्टार जॉर्डन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलं. मणके वाढले की खवलेही थोडे वाढतात. एक-दोन खवल्यांच्या फरकावरून जात वेगळी काढायची घाई म्हणून कुणी करू नये. आणि आपले कोळी ज्याला सायप्रिनस म्हणतात त्या कॉमन कार्पचे तर खवले नाहीसेही होतात. युरोपात शतकानुशतकं पाळताना त्यातून आरसा कार्प निपजला. त्याच्या अंगावर मोजके, मोठमोठे, चकचकीत खवले असतात आणि बाकी त्वचा उघडी. १९३९ मध्ये निलगिरीत आणलेल्या माशांत हा प्रकार होता. २००९ मध्ये त्यामागच्या जनुकातला बिघाड सापडला. दुसऱ्या एका जनुकाने खवले आणखी कमी होतात. पण त्याच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील, तर भ्रूण जगतच नाही.

खवल्यांची संख्या जात सांगते, तर एकेक खवला वय सांगतो. खवला भिंगाखाली धरला की एका केंद्राभोवती दाट, बारीक वलयं दिसतात. मासा जोमाने वाढत असताना ती विरळ पडतात, वाढ मंदावली की गच्च होतात. गच्च वलयांचा पट्टा म्हणजे वर्षाची खूण. लेव्हेनहूकने सतराव्या शतकातच स्वतःच्या सूक्ष्मदर्शकातून हे पाहिलं होतं, आणि १८९८ मध्ये जर्मनीच्या हॉफबाउरने तळ्यात पाळलेल्या, वय ठाऊक असलेल्या कार्प माशांवर ते पडताळून पाहिलं. १९१० मध्ये नॉर्वेच्या आइनार लेआ याने पुढचं पाऊल टाकलं: खवला आणि मासा एकाच प्रमाणात वाढत असतील, तर मागच्या वर्षांची लांबीही काढता येईल. समजा, मासा ४८ सेंटिमीटरचा, खवल्याची त्रिज्या १२ मिलिमीटर, पहिली वर्षखूण केंद्रापासून ४ मिलिमीटरवर. म्हणजे पहिलं वर्ष संपताना मासा १६ सेंटिमीटरचा होता.

मग ब्रिटनच्या रोझा ली हिच्या लक्षात एक विसंगती आली. १९१२ मध्ये तिने दाखवलं की वयस्क माशांच्या खवल्यांवरून काढलेली पहिल्या वर्षाची लांबी तरुण माशांच्या खवल्यांवरून काढलेल्या लांबीपेक्षा सतत कमी भरते. एक कारण सूत्रात होतं. खवला उगवतो तेव्हा मासा थोडा वाढलेलाच असतो, तेवढी दुरुस्ती हवी. दुसरं कारण जाळ्यात होतं. भराभर वाढणारे मासे आधी जाळ्याच्या आसात अडकतात. म्हातारपण गाठतात ते मुळात हळू वाढणारे. खवल्यांच्या आकड्यांतून मासेमारीचा परिणाम असा उघड झाला आणि तो आपल्या प्रत्येक जलाशयाला लागू आहे.

आपल्याकडे या वलयांचं वाचन अवघड जातं. युरोपात हिवाळ्यात पाणी गोठतं, मासा वाढायचा थांबतो, खूण स्पष्ट उमटते. दख्खनमध्ये हिवाळा सौम्य. इथे उन्हाळ्यात पाणी आटणं, पावसाळ्यात वीण आणि पूर, यांनीही वाढ थबकू शकते, आणि वर्षाला एकच खूण उमटेल याची खात्री नसते. त्यामुळे बारा महिने दर महिन्याला मासे घेऊन खवल्याच्या कडेवर वलयं कधी गच्च होतात ते आधी पाहावं लागतं. त्याशिवाय सांगितलेलं वय म्हणजे अंदाज. म्हाताऱ्या माशात कडेची वलयं इतकी दाटतात की वय कमीच मोजलं जातं; तिथे कानातले खडे तपासतात, पण त्यासाठी मासा मारावा लागतो.

खवल्याचं खरं मोल त्यामुळेच. मासा ओल्या फळीवर ठेवून, पाण्यात लवंगेच्या तेलाचा अंश मिसळून त्याला गुंगवून, पाठीच्या पराखाली आणि पार्श्वरेखेच्या वर तीन-चार खवले चिमट्याने काढले, की मासा परत पाण्यात सोडता येतो. काढलेल्या जागी नवा खवला येतो. तो लवकर भरून आल्यामुळे मधोमध कोरा असतो, वय वाचायला निरुपयोगी. एकाऐवजी तीन-चार खवले घ्यायचे ते यासाठीच. महाडजवळच्या वाळणकोंडीत वरदायिनीच्या डोहातले महशीर देवाचे म्हणून कुणी धरत नाही, तिथे हेही करायचं नाही. अशा ठिकाणी समांतर सोडलेल्या दोन लेझर ठिपक्यांमधलं अंतर ठाऊक असेल, तर छायाचित्रावरून लांबी काढता येते.

काढलेला खवला कागदी पाकिटात सुकवून ठेवला तर दशकानुदशकं टिकतो. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत साल्मन माशांचे खवले असे पाकिटांत साठवलेले आहेत. ठेवणाऱ्यांनी ते फक्त वयासाठी ठेवले होते. आता त्यांतून डीएनए निघतो, मासा समुद्रात काय खात होता हेही निघतं. कृष्णा, गोदावरी, भीमेच्या महशिरांचा असा साठा आपण आजपासून करू शकतो. मत्स्यबीज केंद्रांत प्रजननासाठी धरलेले नर-माद्या हातात येतातच, महाविद्यालयांचे विद्यार्थी नदीवर जातातच. प्रत्येक माशाचे चार खवले, एक पाकीट, आणि पाकिटावर पेन्सिलने नदी, गाव, तारीख, वजन आणि खवला कोणत्या ओळीतून काढला ते. शाईने लिहू नये, दमट हवेत ती फुटते.